प्रशिक्षणाचा अर्ज : "आपण वर्गात कोणते तंत्रज्ञान वापरता?" या रकान्यात काय लिहू?

बालाघाटची_बाई
नमस्कार. इथे नेहमी वाचते, लिहिते पहिल्यांदाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बीड जिल्ह्यात, घाटावरच्या एका द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट ३१. नोकरीला १७ वर्षं झाली. परवा केंद्राच्या ग्रुपवर एका प्रशिक्षणाची जाहिरात फिरली. प्राथमिक शिक्षकांनी वर्गात तंत्रज्ञान कसं वापरायचं, त्याचं. सहा महिने दर शनिवारी दुपारी ऑनलाइन आणि मध्ये दहा दिवस पुण्यात निवासी. फी नाही, जाण्यायेण्याचा खर्च तेच देणार. घेणार फक्त ४० जण. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

अर्ज उघडला. नाव-गाव, शाळेचा यू-डायस क्रमांक, पगाराचा शालार्थ आयडी, इथपर्यंत हात सरसर चालला. २७ ने सुरू होणारा तो अकरा आकडी क्रमांक आता झोपेतही सांगते मी. मग आला चौथा रकाना : "आपण वर्गात कोणते तंत्रज्ञान वापरता? ३०० शब्दांत लिहा." तिथे तीन रात्री अडकून बसलेय. शाळेत एक टीव्ही आहे, लोकवर्गणीतून घेतलेला. दोन वर्षांपासून त्याच्यावर चिमण्या बसतात. एक टॅब आहे, त्याची बॅटरी फुगलीय. बाकी माझा मोबाइल. ३०० शब्द आणू कुठून?

दुसरं, ना-हरकत लागते म्हणे. ती कुणाची घ्यायची? आणि तिसरं, जे खरं तर पहिलंच आहे : हा अर्ज करावा का? वय ४२. दहा दिवस मी गेले तर चार वर्गांवर एकटे सर राहतील. शेवटची तारीख बारा दिवसांवर आहे.

मन्याडकाठ
भरा की ओ बाई. निवड नाही झाली तर काय शाळा काढून घेणार हायेत का?

खडूफळा
ताई, मी उलटं सांगणार आहे. राग मानू नका.

२०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द कानावर पडायला लागला. मी हौसेनं नाव दिलं. ब्लॉग काढला, पीपीटी केल्या, केंद्रात दोनदा सत्कार झाला, शाल-श्रीफळ. पुढं काय? केंद्रातल्या अकरा शाळांचं सरल, म्हणजे विद्यार्थ्यांच्या माहितीचं सरकारी पोर्टल, मी भरलं. यू-डायस मी. आधार जुळवणी मी, म्हणजे शाळेच्या दाखल्यावर 'गोविंद' अन् आधारवर 'गोविंदा' असलेली लेकरं शोधत बसायचं. एक दिवस तालुक्यातून फोन आला, "सर, दोन दिवस जरा इकडं येता का, थोडं डेटाचं काम हाय." ते दोन दिवस संपले पावणेदोन महिन्यांनी. तोपर्यंत माझी दुसरी शेजारच्या वर्गात कोंबलेली. परत आलो तर एक पोरगं दुसऱ्याला विचारतंय, "हे सर कोन हायेत रं?"

तंत्रस्नेही म्हणजे बिनपगारी ऑपरेटर. तुम्ही हे प्रशिक्षण करून आलात की तुमच्या नावापुढं ते लागलं, अन् एकदा लागलं की निवृत्तीपर्यंत सुटत नाही. मी आता कुणी विचारलं तर सांगतो, मला मेल करता येत नाही.

लातूरकर_७२
@खडूफळा, मेल येत नाही म्हणता अन् इथं एवढं लांबलचक टंकता? पकडले गेलात सर.

खडूफळा
बायकोला सांगून टंकून घेतलंय.

गोदाकाठची_वैजू
मला सरांचं पटतं पण अर्धंच. कामाला लावतात हे खरं. पण न शिकल्यानं काम टळतं का? आमच्या शाळेत कुणालाच काही येत नाही, तरी माहिती मागवतातच. मग आम्ही नेट कॅफेवाल्याला खिशातून पैसे देतो. काम आपलंच, वर पैसे पण आपलेच.

निवृत्त_मास्तर
या चर्चेत म्हाताऱ्याची भर. आमच्या वेळी प्रशिक्षणाला अर्ज करायचा प्रश्नच नव्हता, पाठीत गुद्दा घालून पाठवायचे. एमएस-सीआयटी, संगणकाची परीक्षा! ३१ डिसेंबर २००७ च्या आत पास व्हा, नाहीतर वेतनवाढ थांबणार, दिलेल्याची वसुली निघणार. मी २००६ च्या उन्हाळ्यात क्लास लावला, वय ४९. तेव्हा आपल्याकडं लोडशेडिंग असं होतं की बॅचची वेळ महावितरण ठरवायचं. आमची पहाटे साडेपाचची. सायकलवर सहा किलोमीटर. शिकवणारा पोरगा माझाच विद्यार्थी, सातवीत मी त्याला पाढ्यांवरून झोडपलेला. तो मागे उभा राहून हळूच म्हणायचा, "गुरुजी, डबल क्लिक जरा दमानं, माउसला लागतंय."

पास झालो, पहिल्या फटक्यात. पुढच्याच वर्षी शाळेला संगणक आला. तो कपाटात ठेवला, कारण बिघडला तर जबाबदार कोण? चावी मुख्याध्यापकाकडं. लोक विचारायचे, मुख्याध्यापक काढू देत नाहीत का? आता काय सांगू, मुख्याध्यापक मीच होतो.

लातूरकर_७२
मास्तर _/\_

तासिकेवरचा_प्राध्यापक
वरिष्ठ महाविद्यालयाची बाजू मांडतो. आमच्याकडे कायम प्राध्यापकांना पदोन्नतीसाठी चार आठवड्यांचा इंडक्शन, दोन आठवड्यांचा रिफ्रेशर वगैरे लागतं. म्हणून तिथे उत्साह असतो. मी तासिका तत्त्वावर. मला पदोन्नती नाही, कारण पदच नाही. तरी मी एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन, दोन कोर्स केले. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तर मी दिली तेव्हा १००० रुपये. स्वाध्यायांना २५ टक्के, केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५. ती परीक्षा खरी असते, शेजारच्याचं बघून जमत नाही.

बाई, तुमची निवड होवो न होवो, आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. दहा-दहा मिनिटांचे धडे, बरेचसे मराठीत, आणि उतरवून घेता येतात म्हणजे रेंज नसली तरी चालतं. एका खिडकीत धडा, दुसऱ्या खिडकीत आपण करून बघायचं. स्प्रेडशीट मी तिथेच शिकलो.

हुरडा_पार्टी
सगळी प्रशिक्षणं सर्टिफिकेटसाठी असतात. निष्ठा या शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं घ्या. शेवटच्या चाचणीत ७० टक्के मिळाले की प्रमाणपत्र. आमच्या केंद्रात उत्तरं आधी ग्रुपवर यायची, मग कोर्स यायचा. व्हिडिओ लावून लोक भाकरी थापायचे.

गोदाकाठची_वैजू
भाकरी कोण थापायचं ते लिहा की स्पष्ट. आम्ही बाया थापायचो. पुरुष शिक्षक व्हिडिओ लावून पारावर. पण खरं सांगू, भाकऱ्या करता करता मी ते पायाभूत साक्षरतेचं सगळं ऐकलं. पडद्याकडं न बघता. कान मोकळे होते ना.

शाळेची_घंटा
वरिष्ठ वेतनश्रेणीचं २०२२ मध्ये ऑनलाइन झालं ते आठवतंय का? १२ वर्षं झालेल्यांचं आणि २४ वर्षंवाल्यांचं निवडश्रेणीचं. २००० रुपये भरून. मी निवडश्रेणीला होते. धडा पूर्ण केला तरी पडद्यावर ९८ टक्के. दोन टक्क्यांसाठी आठवडा. शेवटी मुलीनं सांगितलं, आई, त्या पीडीएफच्या शेवटच्या पानापर्यंत खाली जा. गेले. शेवटचं पान कोरं होतं.

लातूरकर_७२
नोकरीचं सार आहे हे.

बालाघाटची_बाई
सगळ्यांचे आभार. खडूफळा सर, तुम्ही लिहिलंय तीच भीती माझ्या मनात आहे, फक्त मला मांडता येत नव्हती. आमच्याकडं आधीच माणसं कमी. त्यात दिवाळी झाली की ३१ पैकी तेरा-चौदा लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात. ज्यांची आजी घरी आहे ती हंगामी वसतिगृहात जेवतात आणि थांबतात, बाकीची जातातच. गेलेल्यांना मी आवाज पाठवत राहते तेवढंच. असो, तो विषय वेगळा. ना-हरकतीचं कुणी सांगेल का?

पुण्यातला_परभणीकर
थांबा, थांबा. 'आवाज पाठवत राहते' म्हणजे काय?

शाळेची_घंटा
ना-हरकतीचं मी सांगते, मुख्याध्यापक म्हणून हेच करत आलेय. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. जिल्ह्याबाहेर दहा दिवस म्हणजे बहुधा शिक्षणाधिकारी प्राथमिकपर्यंत जावं लागेल. सोबत जाहिरातीची प्रत, तारखा आणि खर्च संस्था करणार असं त्यांचं पत्र. अर्जात स्पष्ट लिहा की हे दहा दिवस कर्तव्यकाळ धरावेत. नाहीतर रजा टाकावी लागेल, आणि आपण सुट्ट्या घेणाऱ्या खात्यातले, आपली अर्जित रजा साठते कुठं! तोंडी "जा की बाई, काय होत नाही" यावर जाऊ नका. आवक क्रमांक घ्या, पोचेवर सही घ्या. 'काय होत नाही' म्हणणारे साहेब बदलून जातात, पोच राहते.

परळी_जंक्शन
अवांतर : १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लोक टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, पुस्तकं उघडून बसलेत. पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी राहिलेल्या सगळ्यांना ती पास व्हावीच लागणार. बाईंना ४२ वय म्हणजे १६ वर्षं बाकी. आधी ते बघा, मग टॅबलेट-बिबलेट.

बालाघाटची_बाई
टीईटीचं पुस्तक उशाला आहेच. एक एक बघू.

@पुण्यातला_परभणीकर, काही विशेष नाही हो. गाड्या निघायच्या आधी, ऊसतोडीची उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या प्रत्येक घरात जाते आणि फडावर जो नंबर चालू राहील तो वहीत लिहून घेते. बऱ्याचदा तो बापाचा नसतो, मुकादमाचा नाहीतर टोळीतल्या एखाद्या तरण्या पोराचा असतो. पहिल्या वर्षी व्हिडिओ पाठवले. कुणी उघडलेच नाहीत. डेटा त्या पोराचा, तो आमच्या जोडाक्षरांवर कशाला घालवील? मग आवाज पाठवायला लागले. दीड मिनिट, दोन मिनिटं. पुस्तकातला एक उतारा वाचायचा आणि शेवटी एक प्रश्न.

आधी रोज रात्री आठला सगळ्यांना एकदम फोन करायचं ठरवलं होतं. ते दोन दिवसांत मोडलं. गाडी भरली की बाप कारखान्यावर जातो, फोन त्याच्यासोबत. गव्हाणीपुढं, म्हणजे ऊस टाकतात तिथं, रांग असते, नंबर कधी रात्री दोनला लागतो, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून वेळच ठेवली नाही. सकाळी शाळेत येता येता पाठवून द्यायचं, फोन खोपीवर परत येईल तेव्हा लेकरू ऐकतं आणि आपल्या आवाजात तोच उतारा वाचून पाठवतं.

तिसरीतली एक मुलगी आहे. तिच्या वाचण्यामागं बैलाच्या घुंगराचा आवाज येतो, मधेच आई म्हणते, "आगं वाढं उचल ते." ती "थांब, बाई ऐकायल्यात" म्हणते आणि परत पहिल्या ओळीपासून वाचते. दर वेळी पहिल्या ओळीपासून. 'प्रश्न' म्हणताना अडते, 'पर्शन' म्हणते. मी वहीत रकाने आखलेत : तारीख, किती वेळ वाचलं, कुठं अडलं. पुढच्या आवाजात तेच अक्षर जास्त वेळा येईल असा उतारा घेते.

मागच्या हंगामात १३ जण गेले. नऊ जण आठवड्यातून एकदा तरी वाचून पाठवत होते. चौघांचं नाही जमलं. त्यातल्या एकाचा आवाज जानेवारीपर्यंत येत होता, मग टोळी कर्नाटकात सरकली आणि ज्याचा फोन होता तो पोरगा मुकादमाशी भांडून निघून गेला. लेकरू एप्रिलमध्ये आलं तेव्हा काना-मात्रा विसरलं होतं. नाव लिहिलं तर दोन अक्षरं कमी.

एवढंच आहे. याला तंत्रज्ञान नाही म्हणता येणार.

गोदाकाठची_वैजू
बाई. डोळ्यात पाणी आलं हो. 'बाई ऐकायल्यात.'

पुण्यातला_परभणीकर
हाच तुमचा चौथा रकाना. दुसरं काहीही लिहू नका.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्या कंपनीच्या एका शिष्यवृत्तीचे अर्ज वाचायला दरवर्षी बसवतात. दहातले आठ सारखेच असतात : प्रोजेक्टर वापरतो, यूट्यूब दाखवतो, क्यूआर कोड स्कॅन करतो. वाचून काहीच कळत नाही की त्या माणसानं विचार काय केला. तुम्ही आधी व्हिडिओ केला, तो का चालला नाही ते शोधलं. मग ठरावीक वेळ ठेवली, ती का मोडली ते शोधलं. मग फोन ज्या वेळी येईल त्या वेळी चालेल असं काढलं. आमच्याकडं याला मोठी मोठी नावं आहेत आणि त्यासाठी लोकांना लठ्ठ पगार देतात.

आणि चार जणांचं जमलं नाही, ते गाळू नका. पुढं लिहा की हे मला सोडवता आलं नाही, म्हणून मला शिकायचंय.

जगात जर्मनी, भारतात परभणी, पण आज बीडला नमस्कार.

हुरडा_पार्टी
भावना समजल्या. पण व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवणं म्हणजे तंत्रज्ञान? निवड समिती हसेल. सध्या एआयचा जमाना आहे, एआय लिहा. पाहिजे तर ३०० शब्द एआयकडूनच घ्या, दोन मिनिटांचं काम.

मन्याडकाठ
@हुरडा_पार्टी, मग चाळीसच्या चाळीस अर्ज 'आजच्या डिजिटल युगात' ने सुरू होतील. समितीला तर एकाच बाईनं चाळीस नावांनी भरल्यासारखं वाटंल.

तासिकेवरचा_प्राध्यापक
क्यूआर कोडची खिल्ली नको. पाठ्यपुस्तकातल्या त्या कोडामागे आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आहेत, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. सुरुवात एका गावातल्या एका वर्गाच्या अडचणीतून झाली होती. आता तोच कोड सगळ्यांनी अर्जात लिहिला की त्यातली ती अडचण गळते, उरतो चौकोन.

शाळेची_घंटा
एक सावधगिरी. बाई, पुरावा म्हणून त्या मुलीचा आवाज किंवा फोटो अर्जाला जोडू नका. नाव तर नकोच. जोडायचाच असेल तर आईबापाला विचारून, त्यांना कळेल अशा भाषेत. ते बिचारे बाईंना नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच आपण जपायचं. वहीच्या रकान्यांचा फोटो जोडा, नावं झाकून.

निवृत्त_मास्तर
वहीचा फोटो जोडाच. १७ वर्षांत तुम्ही जेवढी माहिती वर पाठवली असेल, त्यात तुमच्या स्वतःच्या उपयोगाची ही एकटी वही.

खडूफळा
मी तीन दिवस गप्प होतो. बाईंचं वाचलं. मला आठवलं की माझ्या त्या ब्लॉगवर मी पीपीटी टाकायचो, पण त्या माझ्या दुसरीतल्या पोरांनी कधी बघितल्याच नव्हत्या. केंद्रप्रमुखांनी बघितल्या होत्या. असो. तरी माझं म्हणणं मागं घेत नाही. अर्ज करा, पण परत आल्यावर डेटाच्या कामाला नाही म्हणायची तयारी आत्तापासून ठेवा. ते कोणत्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

परळी_जंक्शन
नाही म्हणायचा अर्ज कोणत्या नमुन्यात?

खडूफळा
नमुना ब. तीन प्रतींत.

बालाघाटची_बाई
मंडळी, आठवडाभरानं येतेय. अर्ज काल रात्री ११:२० ला गेला. फोटो ५० केबीच्या आत पाहिजे होता, माझा ५३ होत होता. चौथ्या वेळी कपाळ थोडं कापलं तेव्हा घेतला.

चौथा रकाना परभणीकर सांगतात तसाच लिहिला. सुरुवात अशी केली : "मी पहिल्या वर्षी पाठवलेले व्हिडिओ कुणीही उघडले नाहीत." नवरा म्हणाला, अर्जाची सुरुवात कुणी अशी करतं का? ठेवली तशीच. ३०० शब्दांत बसवताना घुंगराचा आवाज काढावा लागला, ते जिवावर आलं. कर्नाटकात गेलेल्या लेकराचं ठेवलं. वहीचा फोटो जोडला, नावांवर कागदाच्या पट्ट्या ठेवून.

सरांना विचारलं, दहा दिवस निभेल का? म्हणाले, "चारही वर्ग एका खोलीत घेतो, तसंही पावसाळ्यात दुसरी खोली गळती. फक्त जायच्या आधी यू-डायस करून जा."

ना-हरकतीसाठी कार्यालयात दोन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा भेटले. घंटा मॅडमनी सांगितल्याप्रमाणे कर्तव्यकाळाचं वाक्य घातलं होतं, आवक क्रमांकही घेतला. साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला, जाहिरात वाचली, पेन उघडलं, सही करता करता थांबले आणि विचारलं, "बाई, मग तुम्हाला एक्सेल चांगलं येत असंल?"

मी म्हणाले, "नाही ना साहेब, तेच शिकायला चाललेय."

सही केली त्यांनी.

खडूफळा
हे उत्तर मला २०१५ ला सुचायला पाहिजे होतं.